काका जिन्यात काय म्हणाले

मास्तरांना पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा त्यांच्या हातात कापड कापायचं मशीन चालू होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातले कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर अंथरायचे, वर खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून फिरवायचं. हात चळला की सत्तर बाह्या एकदम वाया. बावीस वर्षांत मास्तरांचा हात कधी चळला नव्हता.

त्या दिवशी आधी डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांना. मग छाती आवळली गेली, श्वास घशापर्यंत यायचा आणि तिथूनच परतायचा. दरदरून घाम सुटला. मास्तरांनी मशीन बंद केलं, टेबलाला टेकले आणि म्हणाले, "मी चाललो." शिलाई मशीनवरच्या बायकांना वाटलं, घरी चाललेत. एकजण म्हणाली, "डबा घेऊन जा." तेवढ्यात मास्तर खाली बसले.

दवाखान्यात छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "हृदय घोड्यासारखं आहे तुमचं." मास्तर खजील होऊन घरी आले. दहा दिवसांनी बसमध्ये पुन्हा तेच झालं, मग केस कापायच्या दुकानात, मानेला कापड बांधलेलं असताना. प्रत्येक वेळी ॲम्ब्युलन्स, प्रत्येक वेळी घोड्याचं हृदय.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. तुमच्या मुंग्या खऱ्या, धडधड खरी, घामही खरा. तुम्ही नाटक करत नाही. पण यात जीव जात नाही. बसायचं, श्वास सावकाश सोडायचा, घड्याळाकडे बघायचं. वीसेक मिनिटांत ओसरतं." एका कागदावर त्यांनी हे मोठ्या अक्षरात लिहून दिलं, गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं.

मास्तरांनी कागद फ्रिजवर चिकटवला. गोळ्या कपाटात ठेवल्या. बोलायला गेलेच नाहीत. "डोक्याच्या डॉक्टरकडे जायला मी काय वेडा आहे?" असं ते बायकोला म्हणाले. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "अहो, या गोळ्या रोज किती शहाणी माणसं नेतात, मला विचारा." पण ते ऐकतील तर शपथ.

घर मात्र हळूहळू त्यांच्या त्रासाभोवती फिरायला लागलं. तेरा वर्षांची मुलगी, तिला सगळे चिंगी म्हणायचे, ती नाडी मोजायला शिकली. मास्तर कामावरून आले की ती दार उघडायची आणि आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. चेहरा बरा दिसला तरच दप्तर उघडायची. मास्तरांना ते दिसत होतं आणि बोचतही होतं, पण त्रास सुरू झाला की बोच कुठल्या कुठे पळायची. उरायचा फक्त स्वतःचा जीव.

ते तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावर कंडक्टर काका आणि काकू. काका बसमधून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण बोलणं अजून बसमधलंच. मास्तर धापा टाकत बसले की काका वर यायचे, शेजारी खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "काय मास्तर, गाडी पुन्हा बंद? असू दे. धक्का मारू." मास्तरांना हसू यायचं नाही, पण बरं वाटायचं. त्यांच्या त्रासाला न कंटाळलेला एवढा एकच माणूस होता.

तो रविवार होता. बायकोची दुकानात कामाची पाळी होती, काकू बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास चिंगी जमिनीवर पसरून शाळेसाठी नकाशा रंगवत होती आणि मास्तर पेपर चाळत होते. कसलंही निमित्त नसताना बोटांना मुंग्या सुरू झाल्या.

चिंगीनं ब्रश खाली ठेवला. "बाबा, घड्याळ आणू? वीस मिनिटं बसू या."

"यावेळी वेगळं आहे गं. हातातून कळ जातेय. फोन लाव."

"मागच्या वेळी पण तुम्ही हेच म्हणाला होता."

"चिंगे, मी मरतोय आणि तू वाद घालतेस?"

पोरीनं फोन लावला आणि धावत जाऊन काकांना बोलावून आणलं. अकरा मिनिटांत ॲम्ब्युलन्सची गाडी आली. गल्ली अरुंद, इमारतीला लिफ्ट नाही. गाडीवाला खालीच थांबला आणि मदतनीस ईसीजी मशीनची पेटी घेऊन वर आला. मास्तरांना चालता येत होतं, म्हणून तो म्हणाला, "गाडीतच नेऊन बघू." तो पुढे उतरू लागला. मागून मास्तर, आणि त्यांच्या काखेत हात घालून काका.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधे काका थांबले. त्यांनी कठडा धरला. हसत, हळू आवाजात म्हणाले, "थांब रे जरा. मला पण सकाळपासून छातीत जड जड वाटतंय. हात भरून आलाय. तुझीच लागण झाली की काय!"

मास्तरांनी ते नीट ऐकलं. धाप, घाम, कानातली धडधड यांच्या पलीकडून प्रत्येक शब्द त्यांना स्पष्ट ऐकू आला. मदतनीस सात-आठ पायऱ्या खाली होता. हाक मारली असती तर वळला असता. आणि मास्तरांच्या मनात एकच विचार आला: आता हे त्याला कळलं तर तो आधी यांना बघेल, माझं राहून जाईल.

ते काही बोलले नाहीत. काकांनी दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "चल."

खाली मदतनीसानं विचारलं, "तुम्ही येताय का बरोबर?"

"नको, वर पोरगी एकटी आहे. मी थांबतो तिच्याजवळ."

काकांच्या कपाळावर घाम होता. गाडीत आडवं होताना मास्तरांना तो दिसला. मग दार लागलं.

दवाखान्यात पट्टी सरळ आली. अर्ध्या तासात मुंग्या गेल्या, श्वास मोकळा झाला. एका नर्सनं चहा दिला. मास्तरांना चक्क भूक लागली होती. दोन बिस्किटं खाऊन तिसरं हातात असताना बायकोचा फोन आला. काका गेले होते.

जवळची गाडी मास्तरांना घेऊन गेली होती. चिंगीनं दुसऱ्यांदा फोन लावला तेव्हा दुसरी गाडी नदीपलीकडून निघाली, तिला चौतीस मिनिटं लागली. काका मास्तरांच्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

पुढचे काही दिवस जो तो काकांबद्दल बोलत होता. "देवमाणूस. दुसऱ्याला हात देता देता गेला." मास्तर मान खाली घालून ऐकायचे. काकू रडत रडत त्यांना म्हणाल्या, "शेवटी तुझ्या उपयोगी पडले बघ. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा." त्यावर मास्तर ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, किती हळवा माणूस.

त्यानंतर त्रासाचं रूप पालटलं. आधी तो कुठेही गाठायचा, आता त्यानं ठिकाण ठरवलं. दुसरा मजला उतरून त्या मधल्या वळणावर आलं की घशाला कोरड पडायची, जीभ जाड व्हायची. घरी यायला दुसरा रस्ता नाही. रोज दोनदा तिथून जायचंच. कारखान्यात कापडाचे थर लावतानाही मधेच कानात आवाज यायचा, "थांब रे जरा," आणि बोटं बधिर व्हायची. ते मशीन सोडून हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभे राहायचे.

ॲम्ब्युलन्स त्यांनी पुन्हा बोलावली नाही. त्रास आला की वाटायचं, येऊ दे, याच लायकीचा आहेस. दात आवळून बसायचे. बायको खूश झाली. "बघा, मनावर घेतलं की जमतं." ते पेपर उघडायचे.

आणि काकूंची सेवा सुरू झाली. नळ गळतो, मास्तर. दिवा गेला, मास्तर. बाजाराची पिशवी, मास्तर. काकूंचा मुलगा परगावी होता. त्यांनी घराची एक किल्लीच मास्तरांकडे देऊन ठेवली. "पोटचा लांब आणि तू जवळ," त्या म्हणायच्या. त्या जितकं गोड बोलायच्या तितकी यांची नजर खाली जायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं. कधी वाटायचं, त्यांनी एकदा तरी वैतागून हाकलून द्यावं. पण त्या चहा पुढे करायच्या.

असे आठ महिने गेले.

मग एक दिवस चिंगीच्या शाळेतून बायकोला फोन आला. वर्गात प्रथमोपचार शिकवायला कोणी आलं होतं. एखाद्याच्या छातीत दुखलं तर काय करायचं, हे सांगत असताना चिंगी उठून बाहेर गेली आणि मैदानाच्या कोपऱ्यात रडत बसली. काय झालं ते कोणालाच सांगेना.

संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा ती त्या रविवारी नकाशा रंगवत होती त्याच जागी, भिंतीला टेकून बसली होती. बायको म्हणाली, "तुम्हीच विचारा. माझ्याशी बोलत नाहीये."

मास्तर तिच्याजवळ खाली बसले. मग ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी चौदा मिनिटं थांबले होते."

"कुठे?"

"काकांजवळ. ते वर आले, बसले, छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, काका, घाबरू नका, वीस मिनिटांत जातं हे. बाबांचं पण जातं. मी घड्याळ आणून त्यांच्यासमोर ठेवलं. ते म्हणाले, बरं बाई. आणि आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो." तिचा आवाज अगदी सपाट होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. "चौदाव्या मिनिटाला त्यांची मान पडली. मग मी फोन केला. आधीच केला असता तर गाडी लवकर आली असती. मीच उशीर केला."

मास्तरांच्या बोटांत मुंग्या आल्या. छाती आवळली. उठून मोरीत जावं, तोंडावर पाणी मारावं, असं झालं. पण पोरगी समोर होती. आठ महिने हे ओझं घेऊन ती शाळेत जात होती, डबा खात होती, आणि दार उघडून बापाचा चेहरा बघत होती. आणि ते ओझं तिचं नव्हतंच.

"चिंगे, इकडे बघ," ते म्हणाले. ओठ बधिर झाल्यामुळे शब्द जड येत होते. "तू उशीर केला नाहीस. मी केला. काका मला जिन्यात म्हणाले होते."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काका कुठे थांबले, काय म्हणाले, मदतनीस किती पायऱ्यांवर होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात हातातलं फडकं घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

चिंगीनं विचारलं, "मग तुम्ही त्या माणसाला का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तो आधी काकांना बघेल. माझं राहून जाईल."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. नेहमी बघायची तसं नाही. पहिल्यांदाच बघतेय असं. "अच्छा," म्हणाली, उठली आणि तोंड धुवायला गेली. न्हाणीघरात नळ खूप वेळ चालू होता.

बायको एवढंच म्हणाली, "काकूंना सांगा. उद्या नाही, आज."

"त्या तोंड बघणार नाहीत माझं."

"नाही बघणार कदाचित. पण ही पोर रोज त्यांच्या दारावरून जाते."

एक मजला उतरायला मास्तरांना पाच मिनिटं लागली. काकू भाजी निवडत होत्या. "ये रे, बस. चहा ठेवते."

"चहा नको, काकू. सांगायला आलोय."

त्यांनी उभ्यानंच सांगितलं. बसायचा धीर झाला नाही. काकूंचे हात भाजीवर थांबले होते. सगळं ऐकून त्यांनी मान वर केली. मग म्हणाल्या, "पुन्हा सांग."

"काय?"

"ते काय म्हणाले ते. त्यांचेच शब्द सांग."

मास्तरांनी सांगितलं.

"हसत म्हणाले?"

"हो."

"'लागण झाली' म्हणाले?"

"'तुझीच लागण झाली की काय' म्हणाले."

काकूंनी डोळे मिटले. "सकाळी मी निघाले तेव्हा ते झोपले होते. मी उठवलं नाही. दुपारी शेवटचं ते कोणाशी काय बोलले, मी सगळ्यांना विचारलं. त्या लेकरालासुद्धा विचारलं, ती म्हणाली 'बरं बाई' म्हणाले, आणि रडायला लागली. तुलाही विचारलं होतं. आठवतंय? तू म्हणालास, काही विशेष नाही." त्यांचा आवाज चढला. "काही विशेष नाही! आठ महिने माझा नळ दुरुस्त करत होतास, माझ्या हातचा चहा पीत होतास, आणि माझ्या नवऱ्याचं बोलणं तोंडात धरून बसला होतास?"

मास्तरांना वाटलं होतं, त्या गाडीबद्दल बोलतील. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. एवढे दिवस ते स्वतःच्याच गुन्ह्याकडे बघत बसले होते, आणि त्या गुन्ह्याच्या पोटात दुसरा गुन्हा होता तो त्यांना दिसलाच नव्हता.

"चुकलो, काकू."

"सांगितलं असतंस तर वाचले असते का?"

"माहीत नाही."

"नुसतं माहीत नाही म्हणू नकोस. विचार कोणाला तरी. मला कळलं पाहिजे." त्यांनी भाजीची परात बाजूला सारली. "जा आता."

दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर न जाता डॉक्टरीणबाईंकडे गेले. वर्षभरापूर्वी ज्या खुर्चीत बसायला लाज वाटली होती तिथे बसून त्यांनी आधी काकूंचा प्रश्न विचारला. डॉक्टरीणबाई गोलगोल बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन तिथेच होतं. पट्टी काढली असती तर बहुतेक कळलं असतं. वेळेवर इथे पोचले असते. पुढे वाचले असते की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. शक्यता होती."

"म्हणजे माझ्यामुळे..."

"काका सकाळपासून कोणालाच बोलले नव्हते, हेही खरं. आणि तुम्ही ऐकून गप्प बसलात, हेही खरं. अशा वेळी माणसाला स्वतःपलीकडचं काही सुचत नाही. ही सबब म्हणून सांगत नाही. या आजारात असं होतं, म्हणून सांगतेय. गोळ्या सुरू करायच्या का?"

"करू," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते त्यांनी शब्दाला शब्द काकूंना जाऊन सांगितलं. काकूंनी दारातच ऐकून घेतलं. 'शक्यता होती' या दोन शब्दांपाशी त्यांनी चौकट धरली. मग म्हणाल्या, "कळलं. माझी किल्ली द्या." त्या दिवसापासून त्या मास्तरांना तुम्ही म्हणायला लागल्या. जिन्यात समोर आल्या तर बाजूला होऊन वाट द्यायच्या, आणि मास्तर खालच्या मानेनं पुढे जायचे. पिशवीला हात लावायची हिंमत आता त्यांना होत नव्हती. नळ दुरुस्त करायला काकूंनी बाहेरचा माणूस बोलावला.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, दारावर टकटक झाली. काकू होत्या. आत आल्या नाहीत. मास्तरांच्या बायकोला म्हणाल्या, "चिंगीला जरा खाली पाठव."

चिंगी आईकडे बघत बघत गेली. दार बंद झालं आणि मास्तरांना सुरू झालं. मुंग्या, ओठ, छाती, सगळं ठरलेल्या क्रमानं. काकू पोरीला काय म्हणत असतील? तिलाही दोष देत असतील का? खाली धावत जावं आणि म्हणावं, तिला नको, मला बोला. बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा. त्या दोघींचं त्यांना बोलू द्या." ते बसले. श्वास सावकाश सोडत राहिले. गोळ्यांमुळे असो वा आणखी कशामुळे, लाट आली तशी गेली. शर्ट ओला झाला होता, एवढंच.

दीड तासानं चिंगी वर आली. डोळे सुजले होते, पण चेहरा हलका होता.

"काय म्हणाल्या गं?" आईनं विचारलं.

"काकांनी घड्याळाकडे बघताना काय काय केलं ते सगळं विचारलं. मी सांगितलं, त्यांनी माझ्या नकाशातली नदी कशी चुकलीय ते दाखवलं, आणि म्हणाले, या रस्त्यानं बस जायची नाही. काकू हसल्या. मग रडल्या. मग म्हणाल्या, तू त्यांच्याजवळ होतीस ते फार बरं झालं, नाहीतर ते एकटेच गेले असते. पुढच्या रविवारी पण ये म्हणाल्या."

"आणि..." मास्तर अडखळले, "माझ्याबद्दल?"

चिंगीनं थोडा विचार केला. खोटं सांगावं की नाही, याचा असेल. "तुमच्याबद्दल काही नाही बोलल्या, बाबा."

मास्तरांनी मान हलवली.

ते आता दर गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जातात. त्रास कमी झालाय, थांबलेला नाही. जिन्यातल्या वळणावर अजून घशाला कोरड पडते. काकू अजून तुम्ही म्हणतात, आणि मास्तरांनी तेही धरून ठेवलं आहे, काहीतरी म्हणतात तरी. काकूंनी आपल्याला माफ करावं, असं आता त्यांच्या मनात येत नाही. येतं, पण ते विचारत नाहीत.

परवा जेवण झाल्यावर त्यांच्या बोटांत पुन्हा मुंग्या आल्या. चिंगी समोरच ताटं उचलत होती. पूर्वी ते लपवायचे, किंवा ओरडायचे. यावेळी म्हणाले, "आलाय बहुतेक. मी बसतो इथे. तू तुझं कर."

"नक्की?"

"नक्की. लागलं तर हाक मारीन."

ती क्षणभर थांबली. मग ताटं ठेवून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं तिचा आवाज ऐकू आला. मैत्रिणीशी फोनवर कशावरून तरी भांडत होती, मग खिदळली. मास्तर खुर्चीत बसून होते. घामानं तळवे ओले, हृदय कानात वाजत होतं. त्यांनी तिला हाक मारली नाही.